मिश्रणाच्या पानाची पारख

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, नाट्यसंगीत, तंजावरचे मराठी राज्य अशा भारदस्त विषयांवर विद्वानांनी विवेचन केले. त्यांच्या पंक्तीला बसून मी तंबाखूवर बोलणार, हे कार्यक्रमपत्रिकेत वाचून काहींना नवल वाटले असेल, आणि भगिनीवर्गाला ते फारसे रुचलेही नसेल. कार्यकारिणीने मला सांगितले की ज्याने त्याने आपल्या आयुष्यभराच्या कामाविषयी बोलावे. माझे आयुष्य तंबाखूच्या पानाची प्रत ठरविण्यात गेले. तेव्हा माझ्यापाशी देण्यासारखे आहे ते एवढेच. मात्र आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. तंबाखूची थोरवी गाण्यासाठी मी उभा नाही. ती शरीराला घातक आहे, याविषयी आता शंकेला जागा उरलेली नाही. मला बोलायचे आहे ते पारख या कर्माविषयी. त्यासाठी मी मुद्दाम एक अवघड उदाहरण घेतले आहे. पाईपसाठी वापरल्या जाणाऱ्या, कोणताही सुवास न लावलेल्या आणि केवळ मिश्रणात घालण्यासाठी तयार केलेल्या तंबाखूचे हे उदाहरण आहे.

हे उदाहरण अवघड का, ते आधी पाहू. जी वस्तू स्वतःच्या गुणाने मिरवते, तिची परीक्षा सोपी असते. हापूस आंबा हुंगला की काम झाले. परंतु जी वस्तू दुसऱ्याला आधार देण्यासाठी असते, तिची परीक्षा कशी करावी? आपल्या गोड्या मसाल्याचे उदाहरण घ्या. त्यात दगडफूल आहे, नागकेशर आहे, लवंग आहे. त्यांचा वास कोणालाही ओळखू येतो. पण त्या मसाल्याचा मोठा हिस्सा धण्यांचा असतो. धणे जुने, पोचट किंवा कुबट निघाले तर बाकीचे जिन्नस कितीही उंची असोत, मसाला फसतो. तरीही मसाला चांगला झाला तर धण्यांचे कौतुक कोणी करीत नाही. पाईपच्या मिश्रणातले साधे पान हे त्या धण्यांसारखे आहे.

पाईपच्या तंबाखूचे मिश्रण ही मुख्यतः इंग्लंड, अमेरिका, डेन्मार्क या देशांत वाढलेली विद्या. तिच्यात तीक्ष्ण जिनसांची वाण नाही. लताकिया हा सिरिया आणि सायप्रसकडचा प्रकार. त्याचे पान लाकडांच्या धुरावर धरलेले असते, आणि त्याचा वास आपल्याकडच्या धुरकटलेल्या स्वयंपाकघराची आठवण करून देतो. पेरीक हा अमेरिकेतील लुइझियाना राज्याच्या सेंट जेम्स परगण्यातला. तो पिंपात दाबून, स्वतःच्याच रसात आंबवून तयार करतात. मिश्रणात तो सहसा दहाव्या-विसाव्या हिश्शाच्या आसपासच घालतात, जसा आपण हिंग घालतो. या तीव्र पानांना बैठक देणारी पाने मुख्यतः दोन, व्हर्जिनिया आणि बर्ली. वाफ आणि दाब देऊन काळी केलेली कॅव्हेंडिश याच पानांपासून होते, आणि तिचे काम मिश्रण मवाळ करण्याचे असते.

व्हर्जिनिया आणि बर्ली यांच्यातला भेद हा आजच्या विवेचनाचा पाया आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. व्हर्जिनियाचे हिरवे पान बंद भट्टीत टांगून नळांवाटे उष्णता देतात. उष्णतामान साधारण पस्तीस अंशांपासून सत्तर अंश सेंटिग्रेडपर्यंत पायरीपायरीने चढवीत नेतात, आणि पाचसात दिवसांत पान पिवळे होऊन वाळते. एवढ्या थोड्या काळात पानातील साखर खर्च होत नाही, ती टिकून राहते. बर्लीचे पान मात्र सावलीत, वाऱ्यावर, कित्येक आठवडे हळूहळू वाळवितात. तोवर ते पान जिवंतच असते आणि श्वसनात आपली साखर संपवून टाकते. परिणाम असा की व्हर्जिनियाचा धूर गोडसर आणि आम्लधर्मी असतो, तर बर्लीचा रुक्ष आणि अल्कधर्मी. अल्कधर्मी धुरातील निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरते, म्हणून बर्ली चवीला सौम्य वाटली तरी अंगाला कडक लागते. हे ज्याला ठाऊक नाही, तो बर्लीला ‘गोडी नाही’ म्हणून नापास करील. तो तिच्याकडे असे काही मागत असतो, जे देणे तिच्या धर्मातच नाही. पारखीचा पहिला नियम यातून निघतो. वस्तू कशासाठी आहे हे कळल्यावाचून ती चांगली की वाईट हे ठरविता येत नाही.

हा विषय आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही. महाबळेश्वरी उगम पावून वाई, सांगलीवरून वाहणारी कृष्णा आपल्या या जिल्ह्यात येऊन समुद्राला मिळण्याच्या तयारीला लागते. या एकाच नदीच्या खोऱ्यात तंबाखूचा हिंदुस्थानातील बराच इतिहास सामावला आहे. अकबराच्या दरबारातील असद बेग हा विजापूरला गेला असता त्याला तेथे तंबाखू आढळली, आणि सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी त्याने ती जडावाच्या नळीसह बादशहापुढे ठेवली. निपाणीची बिडीची तंबाखू याच खोऱ्यातली. आणि खाली गुंटूरच्या काळ्या जमिनीत विसाव्या शतकात व्हर्जिनिया रुजली. राजमहेंद्रीला १९४७ साली केंद्रीय तंबाखू संशोधन संस्था निघाली, आणि १९७६ साली तंबाखू मंडळाचे मुख्य कार्यालय गुंटूरला आले. पांढऱ्या बर्लीचा जन्म मात्र दूरचा. १८६४ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात, केंटकीहून आणलेल्या बियाण्यातून काही फिकट रोपे उगवली, आणि त्यांच्यापासून हा वाण चालत आला. आज आंध्रातही बर्ली पिकते.

आता प्रत्यक्ष परीक्षेकडे वळू. मी तिचे पाच टप्पे मानतो.

पहिला टप्पा चौकशीचा. ‘सुवास न लावलेली’ या शब्दांचा अर्थ नेमका विचारून घ्यावा लागतो. तंबाखूला बाहेरचे द्रव्य दोन वेळा लावले जाते. एकदा पान कातरण्यापूर्वी, साखर, ज्येष्ठमध, कोको अशा द्रव्यांच्या पाण्यात ते मुरवितात. दुसऱ्यांदा, सर्व काम संपल्यावर, व्हॅनिला किंवा मद्यार्काचा वरून शिडकावा करतात. पुष्कळ ठिकाणी वरचा शिडकावा नसला की माल ‘साधा’ म्हणून विकला जातो, मग आत मुरवणी कितीही असो. बर्लीचे पान सच्छिद्र असून द्रव फार शोषते, म्हणून तिच्या बाबतीत ही शंका हटकून घ्यावी. मुरविणे हा काही अपराध नव्हे, पण ते सांगितले पाहिजे. आधारासाठी घेतलेल्या पानात आधीच कोणी तरी गोडी भरून ठेवली असेल, तर मिश्रण करणाऱ्याचा सगळा हिशेब चुकतो.

दुसरा टप्पा डोळ्यांचा आणि बोटांचा. रंग पाहावा, पण रंगाला भुलू नये. हिरवट छटा हे अपुऱ्या पक्वतेचे किंवा घाईच्या वाळवणीचे लक्षण. पांढुरकी बुरशी दिसली तर पुढचे काही पाहण्याची गरजच नाही. नंतर चिमटीत दाबून पाहावे. चुरचुरून मोडले तर फार कोरडे, गोळा होऊन तसेच राहिले तर फार ओले, आणि दाब काढल्यावर हळूहळू उकलले तर बेताचे. ओलसरपणा जास्त असला की वजन वाढते, पैसे पाण्याचे जातात, आणि पेटविल्यावर वाफ होऊन जिभेला चटका बसतो तो निराळाच.

तिसरा टप्पा नाकाचा. चांगल्या व्हर्जिनियाला वाळल्या गवताचा, ताज्या पावाचा वास येतो. बर्लीला भाजलेल्या शेंगदाण्याचा, मातीचा, कोकोचा. काळ्या कॅव्हेंडिशला काकवीची पुसट आठवण. नाकाला अमोनियाची तिडीक बसली, तर पान पुरते मुरलेले नाही. येथे एक सूचना द्यावीशी वाटते. ‘कोकोचा वास’ म्हणजे पानात कोको आहे असे नव्हे. परीक्षकाचे शब्द हे उपमेचे शब्द असतात. ज्याने कधी गवताची गंजी पाहिली नाही, त्याला ‘गवताचा वास’ सांगून काय कळणार? म्हणून परीक्षकाने ऐकणाऱ्याच्या घरातली उपमा वापरावी, आणि थोडक्या शब्दांत थांबावे. वर्णन जितके लांबते, तितकी वस्तू मागे पडते आणि परीक्षक पुढे येतो.

चौथा टप्पा ज्वलनाचा. यासाठी मातीची साधी चिलीम किंवा मातीचा पाईप सर्वांत बरा. ब्रायरच्या लाकडाचा जुना पाईप पूर्वी भरलेल्या तंबाखूचा वास धरून बसतो आणि साक्ष बिघडवितो. पान एकसारखे जळते का, वारंवार विझते का, राख फिकट आणि सैल पडते की काळी आणि चिकट, हे पाहावे. आरंभी, मध्ये आणि तळाशी चव कशी बदलते तेही पाहावे, कारण पुष्कळ पाने वरच्या थरात सज्जन असतात आणि तळाशी कडू होतात. ज्वलन बिघडण्याचे मूळ पुष्कळदा शेतात सापडते. खाऱ्या जमिनीत किंवा खाऱ्या विहिरीच्या पाण्यावर वाढलेल्या पानात क्लोराइड साचते. असे पान हवेतील दमटपणा ओढून घेते आणि धड जळत नाही. पोटॅश पुरेसे मिळालेले पान चांगले जळते. आंध्रातील कित्येक शेतकऱ्यांचा माल केवळ पाण्याच्या खारेपणामुळे खालच्या प्रतीत गेला आहे. त्यांच्या कष्टात काही उणे नव्हते. आता साखर, निकोटीन आणि क्लोराइड प्रयोगशाळेत मोजता येतात, त्यामुळे धूर तोंडात घेण्याची गरज बरीच कमी झाली आहे, आणि ते इष्टच झाले.

पाचवा टप्पा मिश्रणाचा, आणि खरी परीक्षा येथेच होते. एकट्याने फिके वाटणारे पान मिश्रणात उत्तम ठरू शकते, आणि एकट्याने रुबाबदार वाटणारे पान शेजाऱ्यांना बोलू देत नाही. म्हणून परिचित असे एक मिश्रण घ्यावे आणि त्यातील जुने साधे पान काढून त्या जागी नवे घालावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आधी चौथा हिस्सा, मग तिसरा, मग निम्मा. प्रत्येक मिश्रण बंद डब्यात काही आठवडे एकत्र नांदू द्यावे, कारण पाने एकमेकांचा ओलावा आणि वास घेऊन स्थिर होण्यास वेळ लागतो. त्यानंतर तीन नमुने ठेवावेत, त्यांतले दोन जुन्या मिश्रणाचे आणि एक नव्याचे. कोणता कोणता हे परीक्षकाला सांगू नये, आणि वेगळा ओळखून दाखव म्हणावे. केवळ अंदाजाने तिनांत एकदा बरोबर येतेच, म्हणून ही चाचणी पुनःपुन्हा करावी. ज्या फरकाविषयी अनुभवी मंडळी तासभर वाद घालतात, तो फरक डोळे झाकल्यावर नाहीसा होतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

या सर्व टप्प्यांवर आणखी एक कसोटी आहे, ती सातत्याची. आधाराचे पान एका वर्षी उत्कृष्ट आणि पुढच्या वर्षी वेगळेच, असे चालत नाही. पाऊस बदलतो, जमीन बदलते, पीक सारखे येत नाही, म्हणून जाणते लोक दोनतीन वर्षांचा माल एकत्र करून समतोल राखतात. तेव्हा नमुन्याची एक पुडी चांगली निघाली एवढ्यावर भागत नाही. पोत्याच्या तोंडाचे, मधले आणि तळाचे असे तिन्ही ठिकाणचे पान पाहावे.

बंधुभगिनींनो, इथवर मी जे सांगितले त्यावर कोणी म्हणेल की हा रिकामटेकड्या शौकिनांचा खेळ आहे. पाईप ओढणाऱ्याच्या दृष्टीने तसे असेलही. परंतु ज्याने ते पान पिकविले, त्याच्या दृष्टीने प्रत ठरविणे म्हणजे त्याच्या वर्षाचा निकाल लावणे. पान उजळ पिवळे म्हटले की एक भाव, तपकिरी म्हटले की दुसरा. कर्नाटकात १९८४ साली आणि आंध्रात १९८५ साली तंबाखू मंडळाच्या देखरेखीखाली जाहीर लिलाव सुरू झाले. त्यापूर्वी शेतकरी आपला माल खरेदीदाराच्या दारात नेऊन टाकी, आणि प्रत ठरविणारा आणि पैसे देणारा एकाच पक्षाचा असे. माल परत न्यावा तर गाडीभाडे अंगावर, आणि वाटेत पान मोडून अधिकच उतरणार. मी तरुण असताना एका खरेदीदाराच्या वखारीत असे पाहिले आहे की सकाळी ज्या प्रतीला एक नाव मिळाले, त्याच प्रतीला दुपारी आवक वाढल्यावर खालचे नाव मिळाले. पानात काहीच बदलले नव्हते. बदलली होती ती विकणाऱ्याची निकड. पारखीत स्वार्थ शिरला की ती पारख राहत नाही, हे त्या दिवशी मला कळले ते कायमचे.

निपाणीची कहाणी तर आपल्यातील अनेकांना ठाऊक असेल. १९८१ साली तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी तेथे महामार्ग रोखून धरला, आणि त्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी बळी पडले. त्याच निपाणीत तंबाखूच्या वखारींतून राबणाऱ्या स्त्रियांच्या हालांची दखलही पुढे महाराष्ट्राने घेतली. चाळणीखालची ती धूळ श्वासावाटे त्यांच्या छातीत जात होती. म्हणून मी माझ्या हाताखालच्या तरुणांना एवढेच सांगत असे की पान हातात घ्याल तेव्हा त्याच्या मागे एक कुटुंब उभे आहे, हे विसरू नका. दया म्हणून वरची प्रत देऊ नका, आणि सोय म्हणून खालची देऊ नका. जे आहे ते म्हणा, आणि का म्हणता ते त्या शेतकऱ्याला त्याच्या भाषेत समजावून सांगा. ती भाषा तेलुगू असली तर ती शिका.

राहता राहिला शेवटचा रकाना, जो आमच्या जुन्या नोंदवहीत नव्हता. असद बेगाने तंबाखू पुढे केली तेव्हा अकबराने दोनचार झुरके घेतले, पण दरबारच्या हकिमाने हे अपरिचित द्रव्य घेऊ नये असा सल्ला दिला. पुढे १६१७ साली जहांगिराने धूम्रपानावर बंदीचा हुकूम काढला. तो हुकूम टिकला नाही, पण हकिमाची शंका खरी ठरली. १९५० सालापासून इंग्लंड-अमेरिकेत झालेल्या संशोधनाने तंबाखू आणि कर्करोग यांचा संबंध निर्विवाद सिद्ध केला. आपल्या देशात २००३ साली व्यापक कायदा झाला. जगात दरवर्षी सत्तर लाखांहून अधिक माणसे तंबाखूपायी प्राणांस मुकतात. धूर छातीत ओढीत नसल्याने पाईप निर्धोक आहे, हा समजही खोटा आहे. ओठ, तोंड, घसा यांचे रोग त्यालाही चुकत नाहीत. आणि सुवास न लावलेली तंबाखू म्हणजे ‘शुद्ध’, म्हणून कमी अपायकारक, ही तर निव्वळ शब्दांची फसवणूक आहे. साधेपणा हा चवीचा गुण आहे, आरोग्याचा नव्हे. ज्या परीक्षकाने पानाचे सगळे गुण मोजले आणि हा एक दोष लिहिला नाही, त्याची परीक्षा अपुरी राहिली असेच मी म्हणेन.

तर मग या विद्येचे पुढे काय व्हावे? माझे उत्तर सरळ आहे. तंबाखू कमी होवो, तिच्या जागी शेतकऱ्याला पोटभर देणारे दुसरे पीक मिळो. पारखीची विद्या मात्र टिकावी. वस्तूचा हेतू आधी विचारणे, नावाला व रंगाला न भुलणे, एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहणे, डोळे झाकून आपल्याच मताची परीक्षा घेणे, पोत्याच्या तळापर्यंत हात घालणे आणि अपाय असेल तर तो न लपविणे, हे नियम चहा, मिरची, कापूस, पुस्तक किंवा माणूस यांपैकी कशालाही लागू पडतात. आपल्या मुलांपैकी कित्येक आज वेगवेगळ्या परीक्षकांच्या खुर्चीवर बसली आहेत. कोणी बँकेत कर्जाचे अर्ज पाहतो, कोणी उत्तरपत्रिका तपासते, कोणी रुग्णालयात रोगनिदान करते. त्यांच्यापुढे येणाऱ्या प्रत्येक नमुन्यामागेही एक कुटुंब उभे असते.

मंडळाची पन्नास वर्षे पूर्ण होत असताना ज्यांची नावे या स्मरणिकेत ठळक छापली जातील, ती मंडळी मानाला पात्रच आहेत. परंतु सतरंज्या घालणारे, वर्गणीसाठी दारोदार जाणारे, गणेशोत्सवात पन्नास वर्षे मोदकांची उकड काढणाऱ्या माउली, यांच्यावरच हे मंडळ उभे राहिले. मिश्रणातल्या साध्या पानाची पारख करीत आयुष्य घालविलेल्या माणसाला त्यांची आठवण सर्वांआधी यावी, यात आश्चर्य ते काय? त्यांना माझा नमस्कार असो.